रून लिपी आणि तिचे अर्थ: दादरच्या आठ रविवारांच्या वर्गाविषयी

उत्तर युरोपातील प्राचीन जर्मेनिक लोकांच्या रून लिपीचे अर्थ लावायला शिकवणारा आठ रविवारांचा एक वर्ग यंदा पावसाळ्यात दादर पश्चिमेला भरला होता. साहित्यासह शुल्क ४,५०० रुपये, वेळ सकाळी साडेदहा ते दीड आणि शिकणारे आम्ही चौदा जण. मेगाब्लॉकचे रविवार धरून एकही दिवस न चुकवता, मुलुंडहून ये-जा करत मी तो पूर्ण केला. पहिल्या सहा रविवारांनी मला अतिशय समाधान दिले, सातव्या रविवारी विषय घाईत उरकला गेला आणि आठव्या रविवारी जे सांगितले गेले ते आधी शिकलेल्या गोष्टींशी जुळणारे नव्हते. तरीही ज्यांना या चिन्हांविषयी मनापासून कुतूहल आहे त्यांनी हा वर्ग करावा असेच माझे मत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी पश्चिम उपनगरात याच विषयावरच्या तीन तासांच्या एका कार्यशाळेला गेले होते. तेथे एक छापील तक्ता हाती देण्यात आला, ज्यावर चोवीस चिन्हे होती आणि प्रत्येक चिन्हासमोर संपत्ती, सामर्थ्य, संरक्षण, प्रवास असा एकेक शब्द होता. हे अर्थ कोणी, कधी आणि कशावरून ठरवले असे मी विचारले, तेव्हा "हे प्राचीन ज्ञान आहे, श्रद्धा ठेवा" एवढेच उत्तर मिळाले. श्रद्धेला माझा विरोध नाही. परंतु ज्या भाषेतला एकही शब्द मला येत नाही तिच्या अक्षराचा अर्थ मी कोणाच्या भरवशावर घ्यायचा, हा प्रश्न तसाच राहिला होता आणि दादरच्या वर्गात मी तोच घेऊन बसले.

शिकवणाऱ्या बाई जर्मन भाषेच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी अर्थाचा विषयच काढला नाही. फळ्यावर पाच चिन्हे काढली, त्यांचे उच्चार शेजारी लावलेल्या अक्षरमालेत शोधायला सांगितले आणि आम्हाला वाचायला लावले. ह, आ, र, य, आ. अडखळत सगळ्यांनी "हार्या" असे वाचले, तेव्हा त्यांनी सांगितले की डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोसे येथील दलदलीत सापडलेल्या एका फणीवर हा शब्द कोरलेला आहे, ती फणी इ.स. १६० च्या सुमाराची आहे, वाचता आलेल्या सर्वांत जुन्या रून लेखांमध्ये तिची गणना होते आणि हा शब्द बहुधा कोणाचे तरी नाव असावा. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतात, तसेच कोणीतरी आपल्या फणीवर नाव घातले होते. रून हे आधी अक्षर आहे आणि बाकीचे सगळे त्यानंतरचे, ही गोष्ट त्या पाच चिन्हांनी जितकी पक्की झाली तितकी ती व्याख्यानाने झाली नसती.

या लिपीच्या सर्वांत जुन्या रूपात चोवीस अक्षरे आहेत आणि पहिल्या सहांच्या उच्चारांवरून तिला फुथार्क म्हणतात. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील क्यूल्व्हर येथे १९०३ मध्ये सापडलेल्या, इ.स. ४०० च्या सुमाराच्या एका शिळेवर ही अक्षरे ओळीने कोरलेली आहेत. अक्षरांना नावे आहेत आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर प्रत्येक नावाची सुरुवात त्याच अक्षराच्या उच्चाराने होते. बाईंनी हे "क कमळाचा, ग गणपतीचा" असे म्हणून समजावले. फरक इतकाच की आपल्याकडे कमळ हे मुलाच्या लक्षात राहावे म्हणून क च्या शेजारी येऊन बसले आहे, तर तिकडे ते शब्दच अक्षरांची नावे होऊन राहिले. पहिल्या अक्षराचे नाव फेहू, म्हणजे गुरेढोरे आणि त्यावरून संपत्ती. हा शब्द आणि आपला संस्कृत "पशु" हे एकाच मुळातून आलेले आहेत असे बाईंनी सांगितले, तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली. गोधन, पशुधन हे शब्द आपण रोज वापरतो, त्यामुळे गुरे आणि धन यांचा संबंध कोणालाही निराळा समजावून सांगावा लागला नाही. मग एहवाझ म्हणजे घोडा आणि आपला अश्व, मानाझ म्हणजे माणूस आणि आपला मनू, तिवाझ हे एका देवाचे नाव आणि आपला देव हा शब्द, बेरकानान म्हणजे भूर्ज वृक्ष आणि आपला भूर्ज हाच शब्द, अशी नाती एकामागून एक समोर येत गेली. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच झाडाचे नाव तिकडे एका अक्षराला मिळालेले पाहून मला जो आनंद झाला तो येथे नीट लिहून दाखवता येणे अवघड आहे.

तिसऱ्या रविवारी बाईंनी वहीत दोन रकाने पाडायला सांगितले. "डावीकडे मिळालेला अर्थ लिहा, उजवीकडे लावलेला अर्थ. दोन्ही ठेवा, पण एकमेकांत मिसळू देऊ नका," असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या मते या वर्गाचे सगळे मोल त्या दोन रकान्यांत आहे.

मिळालेला अर्थ म्हणजे जो कोणत्या तरी जुन्या लेखात किंवा हस्तलिखितात सापडतो तो; लावलेला म्हणजे जो आज आपण अक्षराला जोडतो तो. चोवीस अक्षरांची नावे त्या काळातल्या कोणी यादी करून ठेवलेली नाहीत. नंतरच्या नावांची तुलना करून भाषाशास्त्रज्ञांनी ती मागे जाऊन बांधलेली आहेत. त्यासाठी तीन जुन्या कविता फार उपयोगी पडल्या. एक जुन्या इंग्रजीतली, एक नॉर्वेतली आणि एक आइसलंडमधली; प्रत्येकीत एकेका अक्षराच्या नावावर एकेक कडवे आहे. इंग्रजी कवितेचे एकमेव हस्तलिखित १७३१ मध्ये लंडनच्या आगीत जळून गेले, आणि ती आज आपल्याला वाचता येते ती १७०५ मध्ये छापली गेली होती म्हणून. जुनी कागदपत्रे कसर लागून किंवा पुराच्या पाण्यात नष्ट झाल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सव्वीस वर्षांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या कवितांवर दोन रविवार गेले आणि ते सर्वांत समृद्ध होते. फेहूवरचे इंग्रजी कडवे म्हणते की संपत्ती सर्वांना दिलासा देते, पण परमेश्वरासमोर मान मिळवायचा असेल तर माणसाने ती सढळ हाताने वाटली पाहिजे. नॉर्वेचे कडवे त्याच अक्षराविषयी म्हणते की संपत्तीमुळे नातलगांत कलह होतो. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी लगेच "म्हणजे भाऊबंदकी" असा शब्द दिला आणि त्याहून नेमका अनुवाद होणे शक्य नाही. एकाच अक्षराचे हे दोन्ही अर्थ डावीकडच्या रकान्यात लिहायचे होते, कारण दोन्ही मिळालेले आहेत. मग "फेहू म्हणजे संपत्ती, शुभ" असे एका शब्दात उरकणारा तक्ता किती अपुरा आहे हे आपोआप कळत गेले.

दुसऱ्या अक्षराची गोष्ट याहून विलक्षण आहे. इंग्रजी कवितेत ऊर म्हणजे मोठ्या शिंगांचा रानटी बैल, जो युरोपातून आता नामशेष झाला आहे. नॉर्वेच्या कवितेत ऊर म्हणजे निकृष्ट लोखंडातून निघणारा मळ. आइसलंडच्या कवितेत ऊर म्हणजे पावसाची सर, जिला कवीने ढगांचे रडणे म्हटले आहे. तीन देश, तीन काळ, एकच नाव, आणि अर्थ एकमेकांपासून इतके दूर. त्या दिवशी खिडकीबाहेर सकाळपासून संततधार लागली होती, तरी आम्हा बहुतेकांना बैलच जवळचा वाटला. गारांच्या अक्षराला नॉर्वेच्या कवीने धान्यांतले सर्वांत थंड धान्य म्हटले आहे आणि इंग्रजी कवीने सर्वांत पांढरे. गारपिटीत उभे पीक झोपलेले ज्याने पाहिले असेल त्याला गारांना धान्य म्हणण्यातली वेदना समजेल. पेर्थ नावाच्या अक्षराबाबत बाईंनी स्पष्ट सांगितले की या शब्दाचा अर्थ निश्चित झालेला नाही आणि म्हणून डावा रकाना कोरा ठेवायचा. शिक्षकाने असा कोरा रकाना ठेवायला सांगणे मला फार मोलाचे वाटले.

चौथा रविवार कोरण्याचा होता. पाइनच्या वीतभर लांबीच्या पट्ट्या आणि एक छोटा चाकू प्रत्येकाला दिला होता. रून अक्षरांत उभ्या आणि तिरक्या रेघा असतात, आडव्या जवळजवळ नसतात, हे पुस्तकात वाचलेले होते. त्याचे कारण मात्र हाताला कळले. काठीच्या लांबीवर आडवा छेद देऊन उभी रेघ कोरली की ती स्वच्छ उमटते. तिरकी रेघ थोडा जोर मागते, पण तीही टिकते. मी मुद्दाम काठीच्या लांबीला समांतर एक रेघ कोरून पाहिली, तर चाकू लाकडाच्या मूळच्या रेषेत शिरला, पुढे सटकत गेला, एक बारीक ढलपी निघाली आणि उरलेली रेघ लाकडाच्या रेषांत मिसळून दिसेनाशी झाली. फेहूचे दोन हात वर तिरके का जातात याचे उत्तर त्या ढलपीत होते. आपली मोडी बोरूने कागदावर हात न उचलता लिहायची म्हणून तिला गोलाई आली, आणि ही लिपी लाकूड कोरण्यासाठी म्हणून कोनदार झाली.

पाचव्या आणि सहाव्या रविवारी प्रत्यक्ष लेख वाचायला घेतले. डेन्मार्कमधील गालेहुस येथे १६३९ आणि १७३४ मध्ये सोन्याची दोन शिंगे सापडली होती. दोन्ही १८०२ मध्ये चोरीला गेली आणि चोराने ती वितळवली. त्यांतल्या एकावर, इ.स. ४०० नंतर लवकरच कधीतरी, कोरलेले वाक्य नकलेमुळे टिकून राहिले आहे: "एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना तावीदो", म्हणजे "मी, होल्तियाझ ह्लेवागास्तिझ, याने हे शिंग घडवले." यात मंत्र नाही, भविष्य नाही, एका कारागिराचा अभिमान आहे. नॉर्वेतील बेर्गन शहराच्या जुन्या धक्क्यावर १९५५ मध्ये आग लागली आणि त्यानंतरच्या उत्खननात लाकडावर कोरलेले शेकडो मध्ययुगीन रून लेख मिळाले. त्यांत मालाच्या गाठोड्यांवर बांधायच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत आणि एका काठीवर "ग्यूदा सांगते की तू घरी जा" असा निरोपही आहे. हे ऐकून आमच्या वर्गातले, जमिनीच्या जुन्या मोडी कागदांचे वाचन करून देणारे काका म्हणाले, "बाई, आमच्या दप्तरांतही असंच असतं. लोक तलवारी शोधायला येतात आणि निघतो तांदळाचा हिशेब." बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवले.

जादूचा किंवा शक्तीचा विषय त्यांनी टाळला मात्र नाही. स्वीडनच्या ब्लेकिंगे भागात ब्योर्केतोर्प येथे चार मीटरहून उंच शिळा आहे आणि ती जो मोडील त्याला कपटाने मृत्यू येईल असा शाप तिच्यावर कोरलेला आहे. हे वाचताना मला आपल्याकडच्या गधेगळांची आठवण झाली. शिलाहारांच्या काळातले असे दगड ठाणे-मुंबईच्या परिसरातही सापडले आहेत. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा शाप. दगड बोलतो आणि बांधून ठेवतो, ही समजूत दोन्हीकडे आहे. तेराव्या शतकातल्या एका आइसलंडिक गाथेतला प्रसंगही बाईंनी सांगितला. एक मुलगी आजारी असते आणि तिच्या अंथरुणात व्हेलच्या हाडावर चुकीचे कोरलेले रून सापडतात. नायक ते खरवडून काढतो, जाळतो आणि म्हणतो की ज्याला रून नीट वाचता येत नाहीत त्याने ते कोरू नयेत. आजच्या वर्गांच्या दारावर लावावे असे हे वाक्य आहे.

सातव्या रविवारी रून आणि शकुन यांचा संबंध तासाभरात संपवला गेला, हे मला योग्य वाटले नाही. रोमन लेखक टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मेनिक लोकांची कौल घेण्याची पद्धत लिहून ठेवली आहे: फळ देणाऱ्या झाडाची फांदी कापायची, तिच्या तुकड्यांवर खुणा करायच्या, ते पांढऱ्या कापडावर टाकायचे, सार्वजनिक कामासाठी पुरोहिताने आणि घरगुती कामासाठी कुटुंबप्रमुखाने आकाशाकडे पाहत तीन तुकडे उचलायचे आणि खुणांवरून अर्थ सांगायचा. माझ्या माहेरी देवगडकडे देवाला कळे लावून कौल घेतात; उजवा पडला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. त्यामुळे टॅसिटसचे वर्णन मला परके वाटले नाही. परंतु त्या खुणा रूनच होत्या असे तो म्हणत नाही, आणि एवढ्या नाजूक मुद्द्यासाठी पुरेसा वेळ द्यायला हवा होता.

त्याहून मोठी उणीव म्हणजे विसाव्या शतकाचा भाग दहा मिनिटांत आटोपला. व्हिएन्नाच्या गिडो फॉन लिस्टने १९०८ मध्ये स्वतःची अठरा रूनांची मालिका प्रसिद्ध केली आणि ती आपल्याला दृष्टी गेलेल्या काळात दिसली असा दावा केला; पुढे नाझींच्या एसएस संघटनेने यांसारखी चिन्हे आपल्या गणवेशावर आणि ध्वजांवर मिरवली. आजही काही रून युरोपात द्वेषाची खूण म्हणून वापरले जातात. मुंबईत ही चिन्हे लॉकेटवर आणि टी-शर्टवर सहज विकली जातात, गोंदवूनही घेतली जातात, आणि ती घालून परदेशी गेलेल्या मुलाला समोरच्याच्या नजरेचे कारण कळणार नाही. या भागाला एक पूर्ण रविवार द्यायला हवा.

आठवा रविवार पाहुण्या मार्गदर्शकांकडे होता. त्या दिवशी प्रत्येकाला लाकडी चकत्यांचा संच मिळाला. चकत्या पंचवीस होत्या. चोवीस अक्षरांच्या आणि एक कोरी. काकांनी विचारले, "ही कोरी चकती कोणत्या कवितेत आहे?" ती नियतीची चकती आहे असे उत्तर आले. वस्तुस्थिती अशी की कोरा रून ही १९८० च्या दशकातली भर आहे. कोणत्याही जुन्या लेखात किंवा हस्तलिखितात तिला आधार नाही. चकती उलटी आली तर अर्थ उलटा, असेही शिकवले गेले, जे टॅरोच्या पत्त्यांवरून घेतलेले आहे. ज्या लिपीतले लेख डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे असे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले, ज्यांत अक्षर फिरले तरी उच्चार तोच राहतो, ती आम्ही दोन रविवार वाचली होती. आणि शेवटी हाती पडला तो पुन्हा तोच, एका शब्दाचा छापील तक्ता. दोन रकान्यांमधली रेघ त्या दिवशी पुसली गेली, याचे मला वाईट वाटले.

वर्गातल्या एका मुलीने नोकरी बदलण्याविषयी विचारले. तिची सध्याची कचेरी घराजवळ आहे आणि नवी नोकरी नवी मुंबईत. तिला राइडो, म्हणजे घोड्यावरून जाण्याचे अक्षर आले आणि तक्त्यावरून "प्रवास, प्रगती" असे सांगण्यात आले. त्याच अक्षराचे इंग्रजी कडवे आमच्या वहीत होते: घरात बसलेल्या वीराला स्वारी सोपी वाटते, पण जो दणकट घोड्यावर बसून मैलोन् मैल वाट तुडवतो त्याला ती कठीण जाते. नॉर्वेचे कडवे तर सांगते की स्वारी घोड्यालाच सर्वांत जास्त भोवते. दीड-दोन तास लोकलमध्ये आणि बसमध्ये काढू पाहणाऱ्या मुलीसाठी यापेक्षा खरा विचार तक्त्यातून निघणे शक्य नव्हते. वर्ग सुटल्यावर जिन्यात मी तिला ती कडवी दाखवली आणि तिने मोबाइलवर त्यांचा फोटो काढून घेतला. अर्थ लावण्याला माझी हरकत नाही. तो डावीकडच्या रकान्यातून निघालेला असावा, एवढेच.

जागेविषयी थोडक्यात: वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पंखे चांगले आहेत, चहा मिळतो. टिपणांच्या प्रती स्वच्छ मराठीत आहेत आणि नावांचे उच्चार देवनागरीत काळजीपूर्वक दिलेले आहेत. ज्यांना फक्त भविष्य पाहायला शिकायचे आहे त्यांना पहिले सहा रविवार कंटाळवाणे वाटतील. ज्यांनी मोडी किंवा ब्राह्मी थोडीफार शिकलेली आहे त्यांना ते अपुरे वाटतील, इतके ते रंगतात.

मी आयोजकांना पत्र लिहून कोरी चकती काढावी, शेवटचा रविवार बाईंनीच कवितांच्या आधारे घ्यावा आणि विसाव्या शतकासाठी वेगळा वेळ ठेवावा असे सुचवले. बाईंचा फोन आला. दिवाळीनंतरच्या तुकडीसाठी चकत्या चोवीसच करायला दिल्या आहेत आणि वर्ग नऊ रविवारांचा होणार आहे. शेवटच्या दिवसाचा निर्णय अजून झालेला नाही, असे त्यांनी सांगितले. जाणाऱ्यांनी कोरण्याच्या रविवारी आपला चाकू घरून न्यावा, कारण तेथे मिळणाऱ्या चाकूला धार नाही.